फॅक्टरी रीसेट

चोपड्यात एस.टी. स्टँडच्या मागे माझं दुकान, साडेचार फूट रुंद.
मार्चातच पत्रा असा तापतो
की सोल्डरिंग बंद केलं तरी हात पोळतो.

दुपारी अडीचला, ऐन शाळेच्या वेळी,
तेजल बारी आली. आठवीतली. दप्तर पाठीवरच.
फोन पालथा ठेवून म्हणाली,
मुश्ताककाका, सगळं पुसून टाका.
सगळं म्हणजे?
सगळं. नवा होता तसा.

काच शाबूत. बॅटरी चांगली.
सुलटा केला तसा तो आपणच उजळला.
गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही, हा माझा वीस वर्षांचा नेम.
पण हे वाचावं लागतच नव्हतं,
येतच होतं, एकावर एक:
तिची आई, कोकिळाबाई, पालथ्या खापरापुढे,
कोपरांपर्यंत मांडा पसरलेला,
धुराने डोळे बारीक, तोंड अर्धं उघडं.
पोरीनेच हौसेने काढलेला व्हिडिओ
कुणीतरी नेमका तिथे थांबवला होता.
खाली काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही.

एकवीस जणांचा ग्रुप.
त्यातल्या दोघांच्या फोनला काच मीच बसवली आहे.

आमच्या वेळी मुतारीच्या भिंतीवर कोळशाने लिहीत,
माझ्या बापाच्या लंगड्या पायावर.
शिपायाने चुना फासला,
तरी पावसाळ्यात अक्षरं वर यायची.
पण ती भिंत माझ्यामागे घरी आली नाही,
रात्री उशाशी थरथरली नाही.

पुसलं तर तुझ्याकडचं जाईल, मी म्हटलं,
त्यांच्याकडचं नाही.
ती नखाने काउंटरवरचा जुना स्टिकर खरवडत राहिली.
आईने पाहू नये, एवढंच.

मग आम्ही एकेक पान धरलं, तारखेसकट, नावासकट.
आधारकार्डाच्या झेरॉक्सचा माझा प्रिंटर, त्यावर काढलं.
रंगीत नको, काका.
काळ्यापांढऱ्यात अकरा पानं.
दहाची घडी पुढे करत होती, घेतली नाही.
आईला तू सांगतेस की मी?
रावेरची गाडी लागली, भरली, सुटली,
तेव्हा म्हणाली, तुम्ही.

कोकिळाबाई आल्या, कोपराला पीठ तसंच.
पानं हातात घेतली, पाहिली नाहीत.
माले म्हाईत शे, म्हणाल्या, मंगळवारपासून.
एका गिऱ्हाइकाने हसत दाखवलं होतं
आणि वर दोन मांडे उधार नेले होते.
तू रडशी म्हनीसन तुले सांगं नही.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या,
मी उगाच स्क्रू मोजत बसलो.

मग त्यांनी पानं मांड्यांच्या फडक्यात बांधली,
विचारलं, हेडमास्तर किती वाजेपर्यंत असतात?
आणि पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

फोन मी पुसला नाही.

संध्याकाळी त्या दोघांतला एक आला,
काच पुन्हा फुटलेली, घाईत,
किती होतील, काका?
बस, म्हटलं.
आधी बस.