डबा माझा

सकाळी सहाला लष्करातून निघालो,
मोहन्याला चहा, पुढे शिवपुरी,
मग झाशीच्या रस्त्याने थोडं.
गाडी भाच्याची, हौस त्याच्या बायकोची,
डबा माझा.
"मामी, तुम्ही सुरवायाला खरंच कधी गेला नाहीत?"
नाही गेले.
एकतीस वर्षं ह्यांची नोकरी पुरातत्त्वाच्या बगीच्यांत,
आणि मी ती पाहिली
धुवायला टाकलेल्या पँटींवरून:
गुडघ्यांवर हिरवे डाग,
पायाच्या दुमडीत गवताचं बी.

आत शिरताना आधी हिरवळ दिसते. मठ मागाहून.
दोरी लावून आखलेली, कातरलेली,
कडेने मेंदीचं कुंपण, गुडघ्याएवढं,
कोपऱ्यांवर तगर.
शैव साधू राहायचे इथे, हजारेक वर्षांपूर्वी.
अंगाला राख फासणारी माणसं,
त्यांनी हिरवळीचं काय केलं असतं?
गाय सोडली असती.

वरदाने फलक मोठ्याने वाचला,
भाच्याने फलकाचाच फोटो काढला.
मी चपला हातात घेतल्या.
देऊळ तर शेजारी होतं, इथे नुसत्या खोल्या,
मधे अंगण, जाड दगड, सपाट छप्पर,
तरी घेतल्या.
वरदा एका खोलीत हात पसरून उभी राहिली,
"इंदूरच्या होस्टेलात ह्याहून कमी जागा होती,
आणि दोघी होतो."

हिरवळीवर डबा उघडला तेव्हा
बावडीकडून पंप बंद झाला
आणि एक म्हातारा माळी चालत आला, पाय चिखलाचे.
त्याने आधी डबा ओळखला, मग मला.
वाचता येत नसावं त्याला,
झाकणावर कोरलेल्या नावाकडे पाहिलंच नाही,
बोट ठेवलं ते पोचावर.
"इंदापूरकर साहब के घर से हो?"
नाव हलके. हलके सहरिया.
"साहब दुपहरिया में उधर सोते थे, कोने वाली कोठरी में.
बोलते नहीं थे ज़्यादा."

कोण बोलत नव्हतं?
घरी हे अखंड बोलत.
नळाचं बिल, शेजाऱ्यांची गच्ची,
पोळी दाताखाली असताना सुद्धा.
आणि दुपारी मी जरा आडवी झाले की,
"बरं नाही का?"
म्हणजे गप्प बसणं इथे ठेवलेलं होतं,
कचेरीत छत्री ठेवतात तसं,
लागेल तेव्हा वापरायला.

भाकरी दिली. हलकेने घेतली, उभाच राहिला.
मग संकोचत म्हणाला,
"वो नींबू वाला अचार नहीं लाए?"

किती वर्षं चार पोळ्या बांधल्या मी,
ह्यांना दोन पुरायच्या हे ठाऊक असून.
वाटायचं, बाहेरची हवा, भूक लागत असेल.
लोणचं मात्र दर उन्हाळ्यात
एक बरणी जास्तच लागायचं,
आणि मी हिशेब धरायचे नणंदेवर.

कोपऱ्यातल्या खोलीत वाकून शिरले.
आडवी झाले. फरशी थंड, पाठीखाली एक उंचवटा,
वर एकच लांब दगड, त्याला बारीक चीर.
रोज हीच चीर बघत असतील का?
काही कळेल वाटलं होतं.
पोपट ओरडत होते. डोळा लागला नाही.
वरदाने हाक मारली तेव्हा उठताना
गुडघ्याची काय ती ओरड.

दुपारी शिवपुरीला छत्र्यांची बाग पाहिली,
पांढरा संगमरवर, कारंजी, वाटा, सगळं जिथल्या तिथे.
वरदाला तीच जास्त आवडली. आवडावी अशीच आहे.
मी एका बाकावर बसून
मेंदी कोणी वाकडी कातरली आहे ते बघत राहिले.
हे असते तर ओरडले असते.
की नसते?

परतताना मोहन्याला पुन्हा चहा.
"मामी, कसा वाटला मठ?"
"गवत फार आहे," म्हटलं.
डबा मांडीवर होता, रिकामा,
खड्ड्याखड्ड्याला वाजत होता.
लिंबं आता महाग आहेत.
तरी दोन किलो घेईन म्हणते.