सेट

मॅन्सी रेंडलचं उजवं मनगट मी बसवलं
डिसेंबरच्या सहा तारखेला, ऑर्कनीत, दुपारी तीनला.
फॉर्मवर लिहिलं : सेट.
खिडकीत सूर्यही तेच करत होता.
या बेटांवर हिवाळ्यात त्याला फार बसवत नाही.

'जवळचं माणूस' या रकान्यात
म्हाताऱ्यानं काहीच सांगितलं नाही.
ओल्या प्लास्टरकडे बघत म्हणाला,
"सेट व्हायला किती वेळ?"
मी म्हटलं, वाळायला दोन दिवस.
"वाळणं वेगळं, डॉक्टर.
पाणी निघून गेलं की वाळतं.
सेट होतं ते आतून ठरवून."
सुतार माणूस. मी वाद घातला नाही.

रात्री वारा सुरू झाला.
नर्स म्हणाली, आता हा सेट झाला, आठवडाभर हलत नाही.
मी पांघरुणात मोजत पडले :
आमच्याकडे हाड बसतं, सूर्य मावळतो,
दही लागतं, ताट मांडतात, गजर लावतात,
पेपर काढतात, खडा कोंदणात जडवतात,
आणि चेहरा
(मॅन्सीचा, बावीस वर्षांपूर्वी, बहिणीशी भांडण झालं त्या दिवशी)
चेहऱ्याला काय म्हणायचं?
थिजला? गोठला?
इथे त्यालाही तेच.
घरात एकच कोट असावा, दाराशी खुंटीला,
जो बाहेर पडेल त्यानं घालावा,
बाही लांब पडो की आखूड.

भांडणाचं कारण पोस्टातल्या थोरानं सांगितलं :
वडिलांची बोट इंगानं परस्पर विकली.
बेकरीत ऐकलं : मॅन्सीनं ती परस्पर जाळली.
बोट मात्र नाही, एवढं दोन्हीकडे सारखं.

जानेवारीत प्लास्टर बघायला त्याच्या घरी गेले
तर स्वयंपाकघरभर संत्र्यांची वाफ,
आणि चुलीशी पाठमोरी एक बाई,
केस शुक्रवारचे, पार्लरमध्ये सेट केलेले,
एक बटही न हललेली.
कोण, म्हणून विचारायची गरज नव्हती. कान तेच.

टेबलाच्या कडेला करवत आवळलेली.
मॅन्सी डाव्या हातानं दाखवत होता,
चिमटा इंगाच्या हातात होता.
"सगळे दात सरळ ठेवलेस तर पातं लाकडात अडकतं.
एक इकडे वाकव, पुढचा तिकडे.
मग वाट मोकळी होते."
यालाही सेट करणंच म्हणतात. मी विचारून घेतलं.
इंगानं काही न बोलता एक दात वाकवला.
मग पुढचा, उलट्या बाजूला.
बराच वेळ तेवढाच आवाज होता, आणि मुरंब्याचा.

मी शेवटी म्हटलं,
इतक्या सगळ्याला एकच शब्द?
दुसरा नाही तुमच्याकडे?
"लागला नाही कधी," इंगा म्हणाली.
म्हणजे ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली,
मला ते असं ऐकू आलं.
आणि मी तिथेच अडखळले.

अरे, आहे की आपल्याकडेही तो कोट.
भूक लागते, ठेच लागते,
उचकी, दिवा, नोकरी,
पहाटे कधीतरी डोळा,
ऊन लागतं, बोललेलं लागतं,
बावीस वर्षं लागतात.
आणि ओळख करून घेताना आपण विचारतो,
ही तुमची कोण लागते?
हा प्रश्न मी इंग्रजीत मनातल्या मनात
तीनदा करून पाहिला.
तीनदा तो फॉर्मवरचा रकाना झाला.

मॅन्सीनं प्लास्टरमधली बोटं हलवून दाखवली.
पाचही हलत होती. करंगळी जरा आळशी.
टेबलावर ताटं किती, ते मी पाहिलं नाही,
पाहिलं असतं तर जेवायला थांबावं लागलं असतं.
इंगानं फ्रीजमधून गार बशी काढली,
वर मुरंब्याचा एक थेंब टाकला,
माझ्यासमोर धरली.
"ढकलून बघा. सुरकुती पडली तर झाला."

मी बोट लावलं.
आम्ही तिघंही बशीवर वाकलो.