जॉबकार्ड

दारव्हा सोडलं की अकराव्या किलोमीटरला
गाडी खोकते, मग गप्प.
चौथ्यांदा.

यवतमाळच्या शोरूमात थंडगार एसी,
टायवाला खडतकर म्हणतो,
"कम्प्युटर तं काहीच दाखवून नाही राहिला, सर."
जॉबकार्डावर शिक्का : दोष आढळला नाही.
वॉशिंग फुकट.

मी ढोरांचा डॉक्टर.
म्हैस सांगत नाही कुठं दुखते,
पोटाला कान लावावा लागतो,
कधी खांद्यापर्यंत हात घालावा लागतो आत.

आज तांड्यावर गाय अडलेली,
वासराचा एकच पाय बाहेर.
फोनवर फुलसिंग : "सायब, कुठलोक आले?"

बॉनेट उघडून
स्टेथोस्कोप लावला मी, खरंच.
तापल्या लोखंडाची टिकटिक.

मग कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसलो,
बॅग मांडीवर.
वळून पाहिलं तर
उन्हात उभी ती,
धुतलेली, चकचकीत.