दिवे मालवण्याचं काम

या खोलीत दिवे मालवायचं काम माझं.
डॉक्टर कुरामित्सु मान वर न करता म्हणतात, "चिझुरु-सान,"
आणि मी भिंतीपाशी जाऊन एकेक बटण खाली करते,
आधी छतावरचे मोठे,
मग कोपऱ्यातला, जो जाताना जरा कुरकुरतो.

टेबलावर हामातानी बाई. वय एकसष्ट.
व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, माकुळं.
आमच्या तोयामाच्या खाडीत वसंतात
बोटाएवढी माकुळं वर येतात, रात्री निळी पेटतात.
बाईंनी ती कधी पेटलेली पाहिली नाहीत म्हणे.
त्यांच्यापर्यंत यायची ती उकडूनच.

स्तनाग्राच्या काठाशी रंग टोचला,
बोटांनी हलकेच चोळला.
सिरिंजमध्ये तो गर्द हिरवा, शेवाळासारखा.
कातडीखाली गेला
की उघड्या डोळ्याला काहीच नाही.

मग अंधार.
कॅमेरा खाली येतो आणि पडद्यावर
एक रेघ उजळते, काखेकडे निघालेली,
ओहोटीनंतर वाळूत उरलेल्या ओहळासारखी
मध्येच उगाच वळसा घेणारी.
कुणी बोलत नाही.
भूल देणारा ओनिशीसुद्धा,
ज्याला बेसबॉलच्या गप्पांशिवाय दम निघत नाही.

रेघ बुडते तिथे चीर.
पिवळ्या चरबीत एक ठिपका.
त्याच्या आड दुसरा, लाजल्यासारखा.
यांना पहारेकरी म्हणतात.
डोळ्यांत तेल घालून वेशीवर बसलेल्या गाठी,
आत कुणी शिरलंच तर आधी यांच्या अंगावरून.

चिमटा.
काल संध्याकाळी बाई सांगत होत्या,
चाळीस वसंत बंदरावर बसून
त्यांनी चिमट्यानं माकुळांचे डोळे काढले.
एक राहिला तरी दाताखाली खडा.
"दिवसाला किती?" मी विचारलं.
"मोजले तर हात थांबतो."

लोकांना वाटतं, उजळलं ते वाईट.
त्यांच्या मुलालाही वाटलं.
सही करता करता म्हणाला,
"म्हणजे हिरवं दिसलं की संपलं?"
नाही हो. उजेड नुसती वाट दाखवतो,
त्या वाटेनं कोण गेलं, ते नाही सांगत.
ते सांगणार तळमजल्यावरची मोरिवाकी,
गाठ गोठवून, कातरून, काचेवर पसरून.

दोन डब्या. मी आकडे घालते.
दिवे लावते. सगळे डोळे मिचकावतात.

पस्तीस मिनिटं.
डॉक्टर हात छातीशी जोडून उभे.
श्रद्धा वगैरे नाही,
कशाला हात लागू नये म्हणून.

फोन मीच स्पीकरवर घेते.
"पहिली स्वच्छ."
कागद उलटल्याचा आवाज.
"दुसरीत आहे. एक मिलिमीटरच्या आत."
डॉक्टर पडद्याकडे बघतात, जिथे आता काही नाही.
"बाकीच्या राहू देत," म्हणतात. "टाके."

शुद्धीवर येताना बाईंची जीभ जड.
"किती काढल्या?"
"दोन."
"दोनच," त्या म्हणाल्या,
"मग मोजता येतील,"
आणि पुन्हा झोपल्या.