पायाला तेल

मार्चात वाळपईच्या पुढे गेलं की
बसच्या खिडकीतून आधी वास येतो,
पिकून फुटलेल्या बोंडूंचा, आणि मग गाव.
माझ्या पिशवीत तेलाच्या छप्पन्न बाटल्या,
एक वही, रक्त घ्यायच्या नळ्या.
आवडू गावस लांबूनच ओरडते,
"आयली गे बाय, तेलवाली!"

तेल लावा, मी म्हणते.
घोट्यापासून मांडीपर्यंत, मानेला, कानामागे.
ती म्हणते, याच्या वासाने बोंडू नासतात.
तिचा नवरा म्हणतो, पोटात हुर्राक असला की
गोचीड चावत नाही, चावली तर तीच झिंगते.
सगळे हसतात. मीही हसते.
वहीत लिहिते: बाटल्या दिल्या, अकरा.
लावल्या किती जणांनी, याला रकाना नाही.

मग शाबलोच्या भाटात माकड मेलं.
काजूखाली पडलं होतं, हात डोक्याखाली घेऊन,
दुपारचं निजल्यासारखं.
शाबलोनं मारुती म्हणून हात जोडले,
नारळ ठेवला, खड्डा खणला, घरी येऊन आंघोळ केली.
कळवलं नाही कुणाला.
देवाची खबर सरकारला कोण देतं?

पण अंग गार पडू लागलं की
गोचिडी बिऱ्हाड हलवतात,
एकेक करून
केसांतून खाली, पाचोळ्यात.
नाचणीच्या दाण्याहून लहान.
त्यांना घाई नसते.
पाचोळ्यावर कुणीतरी टेकतंच,
भाकरी सोडायला, तंबाखू मळायला,
लेकराला पाजायला.

टेकली ती शाबलोची बायको, चंद्रावती.
सहाव्या दिवशी ताप.
डोक्यात कुणी नारळ सोलतंय, म्हणाली.
सासू म्हणाली, ऊन लागलं असेल.
मग हिरड्यांतून रक्त आलं.
नळी भरताना तिची शीर सापडेना,
माझाच हात घामेजला होता.

तिला बांबोळीला नेलं, आणि वाड्यावर
दुसराच ताप पसरला.
तो मात्र माणसाकडून माणसाला जाणारा.
विहिरीवर त्यांची घागर बाजूला झाली.
पोराला बालवाडीतून परत पाठवलं.
काजू घेणारा म्हणाला, बिया रस्त्यावर आणून ठेव,
पैसे दगडाखाली ठेवतो.
घसा कोरडा होईस्तोवर मी सांगितलं,
हा जवळ बसल्यानं होत नाही,
शिंकेतून नाही, ताटातून नाही,
चंद्रावतीपाशी आला आणि तिथंच थांबला,
तिच्यातून पुढे त्याला वाट नाही.
लोक मान हलवत होते
आणि एक एक पाऊल मागे सरत होते.

म्हणून त्यांच्या पडवीवर जाऊन बसले,
सगळ्यांना दिसेल अशी.
चहा मागितला. चंद्रावतीच्याच कपात दे, म्हटलं.
म्हातारीचा हात थरथरला, अर्धा बशीत सांडला.
मी बशीतलाही प्यायले. गुळाचा होता, फार गोड.
इतका सावकाश चहा मी
बघायला आले होते तेव्हाही प्यायले नव्हते.
पलीकडे विहिरीवर रहाट थांबलेला.

तिसऱ्या दिवशी आवडूनं हळूच विचारलं,
ती बाटली, आणखी एक आसा?
आणि माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता
फोन कुणाला करायचा?
चुलीतल्या कोळशानं भिंतीवर नंबर लिहून घेतला,
वीज खात्याच्या नंबराशेजारी.

चंद्रावती परत आली. केस विरळ झालेत,
उठताना खांब धरते.
यंदाचे बोंडू तिच्या वाट्याचे झाडाखालीच कुजले.

काल रात्री मोजे काढताना
माझ्या घोट्याला एक दाणा दिसला.
चिमट्यानं सरळ वर ओढली, जागा साबणानं धुतली,
दुसऱ्यांना सांगते तसं.
सकाळी मी स्वतः तेल लावलं होतं का?
बस चुकत होती. आठवत नाही.
कपडे उकळत्या पाण्यात टाकले
आणि कॅलेंडरवर पुढच्या आठ दिवसांना
पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले,
नाचणीएवढे.