निरंक

तीस तारखेला तक्ता भरायचा असतो.
सुया – निरंक. सलाईन – निरंक.
टाके, प्लास्टर, प्रसूती – निरंक, निरंक, निरंक.
सव्वीस वर्षं हा शब्द मी इतका घोटला
की क्लार्क बोबडे म्हणायचा,
'काहीच नाही हे तुमच्याइतकं सुंदर
कोणी लिहीत नाही, मॅडम.'

दारव्ह्याच्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा
जिन्याखाली टेबल मिळालं, लसींच्या फ्रिजशेजारी.
चटकन उठलं की डोकं आपटायचं.
फ्रिज गुरगुरायचा, आणि बाया बोलायच्या
त्याच्याकडं बघत,
जसं काही त्यालाच सांगायचं होतं.
पाटी नव्हती. शिपाई हात करायचा,
'टेस्टवाल्या बाई? थ्या तिकडे, झाडूच्या बाजूले.'

डॉक्टर काळमेघ वाईट माणूस नव्हते.
साप चावलेल्या पोरांसाठी रात्र रात्र जागायचे.
फक्त त्यांच्या लेखी मन म्हणजे
शरीराच्या घरातलं भाडं थकलेलं बिऱ्हाड,
आणि मी त्या बिऱ्हाडाची पाहुणी.
नियम असा होता:
ऐकायचं मी, लिहायचं मी, सही त्यांची.
वेळ नसायचा, म्हणून दर सोमवारी
वीस कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवायचे.
वर काय ते तुम्ही लिहा.
हा विश्वास होता की तुच्छता,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

लाडखेडचा झिंगराजी, बँडात पिपाणी वाजवणारा,
छातीचा फोटो काखेत मारून आला.
'फुंक मारली का श्वास गळ्यातच बसते, बाई.
फोटोत काईच नाही म्हन्ते सायेब.
काईच नाही, त मंग तिकडे जाय म्हन्ते.'

काहीच नाही. तेच माझं खातं.

सातव्या खेपेला त्यानं सांगितलं
ती वरात कोणाची होती.
पोरगी पंधराची.
वाजवणारा बाप.

तो कागद मी त्या सहीच्या वर लिहू शकले नाही.
नवा घेतला, खाली स्वतःचं नाव टाकलं.
जिल्ह्यावरून परत आला, लाल शाईत:
सक्षम अधिकाऱ्याची स्वाक्षरी नाही.

मग अर्ज. अठरा.
'ऐकायला काय डिग्री लागते?' काळमेघ म्हणाले, चहा ओतता ओतता.
मी म्हटलं, 'सर, एके काळी
कापायचं कामही न्हाव्याकडंच होतं.'
हसले. मग तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी एकोणिसाव्या अर्जावर
'शिफारस' एवढंच लिहून, बशीखाली ठेवून गेले.

आदेश निघाला एकविसाव्या वर्षी.
स्वतंत्र खोली, स्वतंत्र सही.
पेंटर उकंडराव ब्रश बुडवून थांबला.
'नावाच्या आंधी डॉक्टरचा डॉ टाकू न?
थो नसला त कोन येईन?'
'नको.'
'एका अक्षरानं काय बिघडते?'
त्या एका अक्षराशिवाय उभं राहायला
एकवीस वर्षं लागली, उकंडराव.
बोलले नाही. टर्पेंटाईनचा वास येत होता
आणि त्याला त्याचे पैसे हवे होते.

लोक तरी दंड उघडा करूनच येतात.
सुई नाही म्हटलं की चेहरा पडतो,
फुकट आलो वाटतं. मग बसतात.

काळमेघांनी सह्या करून ठेवलेल्या कागदांतले
एकशे चाळीस अजून खणात आहेत.
ते गेले दोन वर्षांपूर्वी. फेकवत नाहीत.
मुलांना मागच्या बाजूनं चित्र काढायला देते.
काल आश्रमशाळेतला एक पोरगा,
दिवाळीपासून कोणाशी न बोलणारा,
विहीर काढून बसला. गोल, खोल, काळी.
तळाशी पलीकडची सही उमटून दिसत होती,
उलटी, गिचमिड.
मी बोट ठेवलं. हे काय रे?

बराच वेळ गेला.
'गाळ,' तो म्हणाला.

उद्या तीस तारीख.