चिकाचा अंगठा

सावद्याला, बसस्टँडमागे, ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर
आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक कूलर, तीन माणसं
आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर
लोकेंद्रच्या अक्षरात एकच वाक्य:
वापरणारा परत आला पाहिजे.

मी अकरा दिवस बटणाचा हिरवा शोधत होते.
पिलबागेच्या कोवळ्या पानासारखा नको,
कच्च्या फणीसारखा नको,
भरवसा वाटेल असा.
रोज ॲप उघडलं की एक घड बक्षीस, चित्रातला.
सात घड जमले की ढोल वाजायचा.
तीन दिवस कुणी फिरकलं नाही
तर आपोआप निरोप जायचा:
तुमची खूप आठवण येतेय.

तो निरोप पहाटे चारला
सायबू तडवीच्या मोबाईलवर पडला.
सायबू कापणीच्या टोळीचा मुकादम, हाताखाली चौदा जण.
निरोप त्याच्या बायकोनं वाचला.
तिनं एवढंच विचारलं, ही कोण?

म्हणून मी खिरोद्याच्या बागेत गेले,
छापील प्रश्नावली, क्लिपबोर्ड, पायात नको ते बूट.
सायबूनं माझ्यासमोर ॲप उघडलं,
अंगठा ठेवला.
काही नाही.
पुसून ठेवला, काही नाही.
केळीचा चीक वर्षानुवर्षं मुरलेला, अंगठा डांबरासारखा,
काच त्याला बोट मानायलाच तयार नाही.
मग त्यानं मोबाईल तोंडाजवळ नेला
आणि नाकाच्या शेंड्यानं
माझा अकरा दिवसांचा हिरवा दाबला.

टोळी हसली. मीही हसले, जरा उशिरा.

"ताई, हे घड-बिड राहू द्या," तो म्हणाला,
"घड आम्ही रोज उचलतो.
मले फक्त सांग, गाडी कव्हा येईन."

आधी कापलं तर माल उन्हात काळा पडतो.
उशिरा कापलं तर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसतो.
आणि गाडी वाघोद्याच्या पुढे पंक्चर होऊन उभी असते
हे शेवटी कळतं ते टोळीलाच.
प्रश्नावलीत चौतीस प्रश्न होते.
हा नव्हता.

परत येऊन आम्ही पाडापाडी केली.
बक्षिसं गेली, आठवण येणं गेलं, ढोल गेला.
पहिल्याच पडद्यावर एक ओळ, जाड अक्षरात:
गाडी कुठे आहे, किती वेळ लागेल.
खाली एक बटण, नाकाला चुकणार नाही एवढं.
रंग कुठला घेतला, आता आठवत नाही.

महिन्याभरात आलेख उताराला लागला.
साडेसहा मिनिटं थांबणारा माणूस
चाळीस सेकंदांत बाहेर.
पुण्याहून पैसेवाल्यांचा फोन: लोक थांबत का नाहीत?
मी म्हणाले, कारण त्यांना कळतं.
लोकेंद्रनं माझा आवाज बंद केला
आणि पुढच्या तिमाहीबद्दल बोलत राहिला.

मी खिडकीपाशी जाऊन हिशोब करत बसले:
उरलेली सहा मिनिटं सायबू काय करत असेल?
बांधावर कळण्याची भाकर सोडत असेल,
नाहीतर पाल्यावर आडवा, टोपी तोंडावर,
गाडी यायला अजून पाऊण तास आहे
हे माहीत असलेल्या माणसाची झोप.
आलेखात त्याला रकाना नाही.
मी वहीत पाडला एक,
पण तो कशानं भरायचा ते सुचलं नाही.

बागेतून येताना माझ्या ओढणीला डाग लागलेला.
धुतला तसा जास्तच काळा झाला.

पावसाळा सरता सरता सायबूचा फोन आला,
स्वतःहून, पहिल्यांदाच.
मला वाटलं, आता तरी शाबासकी.
"सगळं बेस आहे, ताई," तो म्हणाला,
"पण तो ढोल काढला काबरं?
नात रोज इचारते.
तिच्यासाठीच तर उघडत होतो मी."